वनशास्त्राच्या वर्गात माणसाला जागा

विद्यापीठात वनशास्त्राच्या जोडीला वनविहाराचे व्यवस्थापन, म्हणजे ज्याला आउटडोअर रिक्रिएशन मॅनेजमेंट म्हणतात तो विषय, शिकवावा की नाही यावर अधूनमधून वाद पेटतो आणि त्यात दोन्ही बाजू सारख्याच आळशीपणे बोलतात. एक बाजू हसून विचारते, जंगलात फिरायला पदवी कशाला? दुसरी म्हणते, मुलांना निसर्ग आवडतो ना, मग शिकू द्या आवडीचे. पहिल्या बाजूला हा विषय म्हणजे सहल वाटते. दुसरी ते खोडून काढत नाही, उलट सहलीचीच वकिली करते. या गोंधळात मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. सार्वजनिक जंगलात रोज हजारो पावले पडतात. ती कुठे पडावीत, किती पडावीत आणि कुठे अजिबात पडू नयेत, हे कोणीतरी ठरवतच असते. न ठरवणे हाही एक निर्णयच असतो. ते ठरवणाऱ्याला काय काय ठाऊक असले पाहिजे?

माझे मत आधीच सांगून टाकतो. हा विषय विद्यापीठात शिकवलाच पाहिजे आणि तो वनशास्त्राच्या आत शिकवला पाहिजे. पर्यटन किंवा हॉटेल व्यवस्थापनाच्या विभागात नको. ज्याला वाटा आखायच्या, तळ वसवायचे, परवाने द्यायचे, त्याला माती, मुळे, पाण्याचा निचरा आणि प्राण्यांचे वागणे कळले पाहिजे. आणि ज्याला झाडे वाढवायची, तोडायची, मोजायची, त्याला जंगलात येणारी माणसे कळली पाहिजेत. यातल्या पहिल्या अर्ध्याला बहुतेक जण मान डोलावतात. भांडण दुसऱ्या अर्ध्यावर आहे, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण माणसांना विसरण्याची चूक वनशास्त्राने एकदा फार महागात केली आहे. अमेरिकेत चार वर्षांची पदवी देणारे पहिले वनमहाविद्यालय १८९८ साली कॉर्नेल विद्यापीठात निघाले आणि पाच वर्षांत बुडाले. त्याचा प्रमुख बर्नहार्ड फर्नो प्रशियात तयार झालेला, कामात चोख. त्याआधी बारा वर्षे अमेरिकी सरकारच्या वनखात्याची धुरा त्याच्याकडे होती. प्रात्यक्षिकांसाठी न्यूयॉर्क राज्याने ॲडिरॉन्डॅक डोंगरांत ३०,००० एकर जंगल दिले. फर्नोची योजना त्या काळच्या शास्त्राला धरून होती: जुने रुंदपर्णी जंगल सलग तोडायचे, लाकूड पिंपे बनवणाऱ्या कंपनीला विकायचे आणि मोकळ्या जागेवर सूचिपर्णी झाडे लावायची. हिशेब नीट होता. पण शेजारी सॅरानॅक तलावाच्या काठाने शहरी धनिकांची उन्हाळी निवासस्थाने होती. ही मंडळी तिथे यायची ती हिरवे डोंगर बघायला आणि होड्या वल्हवायला. त्यांच्या डोळ्यांसमोर डोंगर बोडके होऊ लागले, जाळलेल्या फांद्यांचा धूर आणि राख त्यांच्या अंगणात उतरू लागली. तक्रारी वरपर्यंत गेल्या आणि १९०३ मध्ये राज्याच्या गव्हर्नरने महाविद्यालयाचे अनुदानच नाकारले. धनिकांनी दांडगाई केली, हे खरेच. फर्नोबद्दल मला सहानुभूती आहे. पण त्याच्या वहीत लाकडाच्या घनफळाला रकाना होता आणि डोंगराकडे बघणाऱ्या माणसाला नव्हता. झाडांचे सगळे गणित बरोबर असलेले कॉलेज माणसांच्या गणितात नापास झाले.

आता पहिल्या हसणाऱ्या बाजूकडे वळतो. फिरायला पदवी लागत नाही, हे कबूल. पण जेवायलाही पदवी लागत नाही, म्हणून कोणी आहारशास्त्राची पदवी बंद करा म्हणत नाही. ‘यात शिकायचे काय, हे तर सगळेच करतात’ हा आक्षेप जुनाच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, तेव्हा रुग्णाची उशापायथ्याशी बसून सेवा करायला शिक्षण कशाला, असे विचारणारे होतेच. साधे दिसणारे काम खरेच साधे आहे का, हे ते चुकल्यावर काय होते त्यावरून ठरते. जंगलातली चूक हळू दिसते, एवढाच फरक.

ती चूक पहिल्यांदा शास्त्रीय नजरेने ज्याने पाहिली, तो माणूस पर्यटनतज्ज्ञ नव्हता, वनस्पतींच्या रोगांचा अभ्यासक होता. एमिलिओ माइनेके हे त्याचे नाव. १९२० च्या दशकात मोटारी स्वस्त झाल्या आणि कॅलिफोर्नियाच्या महाकाय रेडवुड वृक्षांखाली लोक गाड्यांसकट मुक्कामाला येऊ लागले. कोणी कुऱ्हाड चालवली नव्हती, कोणी आग लावली नव्हती. तरीही झाडांचे काही ठीक दिसेना. माइनेकेने बुंध्याऐवजी जमिनीकडे पाहिले. या झाडांची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे मातीच्या अगदी वरच्या थरात पसरलेली असतात. पावले आणि चाके यांनी ती माती दाबली जाते, मातीच्या कणांमधल्या पोकळ्या बुजतात, हवा आणि पाणी आत शिरत नाही, आणि शेकडो वर्षांचे झाड हळूहळू उपाशी पडते. माइनेकेने त्यावर जो तोडगा काढला, तो १९३२ च्या सुमारास कागदावर आला: एकेरी वळसा घेणारा रस्ता, प्रत्येक मुक्कामाच्या जागेला गाडी लावण्याची ठरलेली खाच, आणि गाडी तिच्याबाहेर जाऊ नये म्हणून ओंडके व दगड यांचे अडसर. आज अमेरिकेत कुठेही सरकारी कॅम्पग्राउंडवर, म्हणजे तंबू-मुक्कामाच्या तळावर, गेलात तर बहुधा हाच आराखडा पायाखाली असतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. लोकांना मनाई न करता, पाटी न लावता, त्यांच्या गाड्या मुळांपासून दूर ठेवल्या गेल्या. हे ‘साधे शहाणपण’ सुचायला मुळे कुठे असतात हे ठाऊक असलेला माणूस लागला.

साध्या शहाणपणावर माझा दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: या विषयात ते पुष्कळदा उलटे पडते. समजा, तलावाकाठी तंबू ठोकण्याची एक जागा पार उजाड झाली आहे. सहृदय माणूस म्हणेल, तिला काही वर्षे विश्रांती द्या, लोकांना शेजारच्या जागेवर पाठवा. शेत पडीक ठेवतात तसे. ऐकायला उत्तम. पण तुडवण्याचे परिणाम मोजणाऱ्या अभ्यासांत, विशेषतः अमेरिकेत डेव्हिड कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केलेल्या कामात, वेगळेच चित्र दिसते. नुकसान आणि वापर यांचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. नाजूक वनस्पतींचे बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या रात्रींतच होऊन जाते. त्यानंतर कितीही माणसे आली तरी आलेख जवळजवळ आडवाच राहतो. भरून येण्याचा वेग मात्र उलट: बिघडायला दिवस पुरतात, सावरायला वर्षे लागतात. म्हणजे विश्रांतीच्या भल्या हेतूने जागा फिरवत राहिलात, तर एका उजाड जागेच्या दहा उजाड जागा होतात. म्हणूनच गर्दीच्या ठिकाणी लोकांना मुद्दाम त्याच मळलेल्या जागेवर एकवटायचे असते, आणि जिथे फारसे कोणी जात नाही तिथे उलट विखरायचे असते, म्हणजे एकाच ठिकाणी लागोपाठ दुसरी रात्र पडणार नाही. ‘येणारे निम्मे करा, नुकसान निम्मे होईल’ हे जे वाक्य आपण सगळे सहज बोलून जातो, ते बहुतेक ठिकाणी चूक आहे.

पायवाटांचेही तेच. वाट माणसांमुळे खराब होते असे वाटते, पण वाट खणून काढते ते पाणी. उताराला सरळ भिडणारी वाट पावसात ओढा होते. वाट आखणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे की वाटेचा चढ डोंगराच्या त्या ठिकाणच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा, नाहीतर पाणी वाट ओलांडून खाली न जाता वाटेवरूनच पळते. मग चिखल होतो, चिखल टाळायला लोक कडेने चालतात आणि दोन फुटांची वाट वीस फुटांची होते. तिथे ‘कृपया वाट सोडू नका’ अशी पाटी लावणाऱ्या अधिकाऱ्याची मला नेहमी कीव येते. बूट भिजवायला कोणी पाटीचे ऐकत नाही. मधली वाट कोरडी आणि कडा खडबडीत ठेवा, लोक आपोआप मधून चालतात.

इथे विरुद्ध बाजूचा एक चांगला मुद्दा येतो आणि तो मान्य करायलाच हवा. वाटा बांधणारे जगातले सर्वात कसबी हात विद्यापीठांतून आलेले नाहीत. नॉर्वेमध्ये डोंगरवाटांवर जे दगडी जिने गेल्या दोन दशकांत झाले, त्यांतले कितीतरी नेपाळहून बोलावलेल्या शेर्पा कारागिरांनी बांधले आहेत. वनशास्त्रात उत्तम शिक्षण देणाऱ्या युरोपलाही दगडावर दगड बसवण्यासाठी हिमालयातले हात आणावे लागले. ज्याने जन्मभर जंगलात काम केले त्याला जे दिसते ते चार वर्षांच्या वर्गात दिसणार नाही, आणि जो अभ्यासक्रम असे लोक शिक्षक म्हणून आणत नाही तो कागदी आहे, असे मीही म्हणेन. पण जिना कसा बांधावा हा एक प्रश्न आणि जिना बांधावा का, हा दुसरा. जिना झाला की जे पूर्वी येऊ शकत नव्हते ते येऊ लागतात. वाटेची धूप थांबते आणि माथ्यावरची गर्दी वाढते. माथ्यावर घरटी करणारा पक्षी असेल तर? बचावपथकाला बोलावणी वाढली तर? या प्रश्नांना दगडाचे कसब उत्तर देत नाही. कारागिराला कमी लेखण्याचा हा मुद्दा नाही. त्याच्यावर तो निर्णय ढकलणे हाच अन्याय आहे.

नॉर्वेवरूनच आणखी एक, माझ्या मते सगळ्यात बिनतोड, प्रतिवाद निघतो. तिथे आणि स्वीडनमध्ये कोणाच्याही पडीक जमिनीवरून, रानातून चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे. नॉर्वेने तो १९५७ च्या कायद्यात लिहूनही ठेवला. परवाना नाही, फाटक नाही. लोकांना लहानपणापासून कसे वागायचे ते ठाऊक असते. संस्कृती जर व्यवस्थापकाचे काम करत असेल, तर व्यवस्थापक कशाला? युक्तिवाद सुंदर आहे आणि मला तो मोह घालतो. फक्त त्यात एक अट लपलेली आहे: माणसे थोडी असावीत आणि ती एकमेकांच्याच संस्कारांतली असावीत. ट्रोलटुंगा नावाच्या खडकाच्या जिभेवर २०१० मध्ये हजारभरही माणसे जात नव्हती. तिथे उभे राहून काढलेली छायाचित्रे मोबाइलवरून जगभर फिरली आणि काही वर्षांत हा आकडा वर्षाला ऐंशी हजारांच्या घरात गेला. येणाऱ्यांत कित्येक जण दहा-बारा तासांची चाल म्हणजे काय हे न कळता निघालेले. हक्क तोच राहिला, संस्कारांवर सोडून देण्याची सोय मात्र संपली. आणि फिरण्याचा तो हक्क टिकवायचा असेल तर वाहनतळ कुठे, वाट कशी, सूचना कधी द्यायची, हे जाणणारी माणसे जास्तच लागतात. नाहीतर वैतागलेली स्थानिक मंडळी एक दिवस फाटकच मागतात.

नोकऱ्यांबद्दलचा आक्षेप मात्र मी टाळणार नाही, कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे. या क्षेत्रात काम हंगामी, पगार बेताचा आणि उमेदवार पुष्कळ. अमेरिकेत केंद्र सरकारच्या हंगामी नोकराला वर्षात १,०३९ तासच काम देण्याची मर्यादा वर्षानुवर्षे राहिली आहे. म्हणजे जेमतेम सहा महिने. पदवीधर तरुण सहा महिने गणवेशात आणि सहा महिने मिळेल त्या कामावर, अशी कित्येक वर्षे काढतात. माहितीपत्रकावर सूर्योदयाचा फोटो छापून मुले भरणाऱ्या आणि ती पुढे कुठे गेली याचा आकडा न छापणाऱ्या विद्यापीठांचे समर्थन मी करणार नाही. पण यावरून निघते काय? हे काम बिनकौशल्याचे समजले जाते म्हणून ते स्वस्त आहे, आणि ते बिनकौशल्याचे समजले जाण्यात ‘फिरायला पदवी कशाला’ या विनोदाचा वाटा मोठा आहे. शिवाय विषय वनशास्त्राच्या आत ठेवा, या माझ्या आग्रहाचे अर्धे कारण हेच. ज्याने वनमापन, नकाशाशास्त्र, वणवा-नियंत्रण आणि मृदाशास्त्र शिकले आहे, त्याला पाहुण्यांचा हंगाम संपल्यावरही काम असते. ज्याने नुसते ‘साहस आणि आदरातिथ्य’ शिकले, त्याला नसते.

वनशास्त्राच्या प्राध्यापकांची तक्रार वेगळी असते आणि ती ते खालच्या आवाजात करतात: तास ठरलेले, विषय वाढत चाललेले, माणसांचे सर्वेक्षण शिकवू लागलो तर मुलांना उभ्या झाडाचे घनफळ काढता येणार नाही. ही भीती पोकळ नाही. पण हीच तक्रार परिसंस्था आल्या तेव्हा झाली, वन्यजीव आले तेव्हा झाली, पाणलोट आले तेव्हा झाली. अमेरिकी काँग्रेसने १९६० मध्ये राष्ट्रीय वनांचे पाच उपयोग कायद्यात लिहिले, त्यांत बाहेरची करमणूक सर्वांत आधी येते आणि लाकूड तिसरे. (यादी इंग्रजी वर्णक्रमाने लावली आहे, त्यामुळे फार नाचायला नको.) पाचांपैकी एकावर प्रावीण्य आणि बाकीच्या चारांवर अंदाज, हा काही फार शास्त्रीय बाणा नव्हे. आणि हा विषय मऊ आहे हा समज तर तो नीट न शिकवल्याचा परिणाम आहे. जंगलातली झाडे सगळी मोजता येत नाहीत म्हणून नमुना घेतात. वाटेवरची माणसेही सगळी मोजता येत नाहीत. वाटेवर लावलेला इन्फ्रारेड गणक दोघे खांद्याला खांदा लावून गेले तर एकच मोजतो, म्हणून माणूस बसवून त्याची चूक आधी काढावी लागते आणि मग आकडा दुरुस्त करावा लागतो. संख्याशास्त्र तेच, शिस्त तीच. ज्या विद्यापीठात या विषयाचा पेपर म्हणजे माहितीफलक रंगवणे एवढाच आहे, तिथे तो खुशाल काढून टाकावा.

सर्वांत गंभीर आक्षेप यांच्यापैकी कोणाचाच नाही. तो जंगलाच्या कडेला पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचा आहे. ते विचारतात, विद्यापीठात शिकून आलेल्या तज्ज्ञांनी आजवर जंगलाचे काय भले केले? उत्तर देताना वनशास्त्राने मान खाली घालावी अशी कारणे आहेत. जर्मनीतल्या सॅक्सनीत कार्लोविट्झ या खाण-अधिकाऱ्याने १७१३ मध्ये टिकाऊ वनोत्पादनाचा विचार मांडला तो खाणींना लाकूड कमी पडू नये म्हणून. पुढे जर्मन वनशास्त्राने मिश्र जंगले काढून ओळीत स्प्रूस ही सूचिपर्णी झाडे उभी केली. पहिली पिढी जोमदार निघाली, आणि दुसऱ्या पिढीत पुष्कळ ठिकाणी माती थकली, झाडे कोसळू लागली. हेच शास्त्र डिट्रिश ब्रँडिससारख्या अधिकाऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आले. देहरादूनची वनशाळा आणि गावांचे परंपरागत हक्क सवलतींच्या पातळीवर आणणारा वन कायदा, दोन्ही १८७८ चेच. राष्ट्रीय उद्यानेही अशीच. निर्मनुष्य निसर्ग म्हणून जे मिरवले गेले, तिथून आधी मूळ रहिवाशांना हुसकावलेले होते. मग अशा शास्त्राला आणखी एक शाखा कशाला फोडायची?

मी उलट म्हणतो: वनशास्त्राच्या घरात ‘लोकांना काय हवे आहे आणि ते ठरवणारे आपण कोण?’ हा प्रश्न ज्या दारांनी आत आला, त्यांतले एक दार या बदनाम विषयाचे आहे. ॲलन वॅगर या अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काम हाती घेतले ते चराईतली एक कल्पना घेऊन. कुरणाची गुरे पेलण्याची क्षमता असते, तशी रानाची माणसे पेलण्याची असेल. माती आणि झाडे मोजली की आकडा निघेल. १९६४ च्या त्याच्या प्रबंधात तो स्वतःच सांगतो की केवळ जमिनीच्या बाजूने पाहून भागेना, माणसांची मूल्ये हिशेबात घ्यावी लागली. एकांत शोधणाऱ्याला वाटेवर दहा माणसे म्हणजे गर्दी; नातवंडांना घेऊन आलेल्या आजोबांना तीच दहा माणसे म्हणजे सोबत. मातीत हे उत्तर सापडत नाही. वीसेक वर्षे या क्षेत्राने जादुई आकडा शोधण्यात घालवली आणि १९८५ मध्ये जॉर्ज स्टँकी, कोल व इतरांनी प्रश्नच बदलला. माणसे आली की बदल होणारच. तेव्हा किती माणसे, हे विचारण्याआधी किती बदल चालेल आणि तो कोणाला चालेल, हे ठरवा. मॉन्टानातल्या बॉब मार्शल या विस्तीर्ण रानासाठी ही पद्धत वापरताना वनाधिकारी, अभ्यासक, घोडेवाले, शिकारी आणि निसर्गप्रेमी संघटना काही वर्षे एका टेबलाभोवती बसल्या. शंभर वर्षे ‘आम्हाला कळते’ म्हणणाऱ्या शास्त्राकडून ही कबुली आली. ती पुरेशी आहे असे मी म्हणत नाही. टेबलाभोवती कोणाला बोलावले नव्हते, हेही विचारले पाहिजे. पण लाकडाच्या हिशेबातून ते टेबल कधी निघाले नसते.

दोन्ही ज्ञाने एकत्र नसली की काय होते, ते अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या अस्वलांनी दाखवले. तिथे कित्येक दशके अस्वले उकिरड्यांवर जेवत आणि पाहुण्यांना त्याचीच मौज वाटे. एके काळी तर बघायला बाकडी मांडलेली होती. ऑगस्ट १९६७ मध्ये शेजारच्या राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, ग्रिझली अस्वलांनी दोन तरुणींचे बळी घेतले. माणसांच्या खरकट्याला ती अस्वले सरावलेली होती. हादरलेल्या प्रशासनाने यलोस्टोनचे उकिरडे भराभर बंद केले. १९५९ पासून या अस्वलांचा अभ्यास करणारे क्रेगहेड बंधू सांगत होते की हळूहळू बंद करा, नाहीतर भुकेली अस्वले तंबूंकडे वळतील. तसेच झाले, पुढच्या काही वर्षांत मोठ्या संख्येने अस्वले मारावी लागली आणि १९७५ मध्ये ग्रिझलीची नोंद संकटग्रस्तांत झाली. प्रशासनाचे उद्दिष्ट चूक नव्हते. अस्वलाने उकिरड्यावर जगू नये, हे बरोबरच होते. पुढे अस्वलाला न उघडणारे कचऱ्याचे डबे, तंबूत अन्न न ठेवण्याचे नियम आणि ते पाळून घेणारी माणसे आली तेव्हा संख्या सावरली. त्या डब्याच्या झाकणात प्राणिशास्त्रही आहे आणि मानसशास्त्रही: अस्वलाला उघडता येऊ नये आणि थकलेल्या पर्यटकाला अंधारातही उघडता यावे.

राहता राहिली एक शंका, की असा विषय शिकवला की जंगले पर्यटनधंद्याच्या घशात जातात. धोका खरा आहे, म्हणून तर तो धंद्याच्या विभागात नको. आर्थर कार्हार्ट हा अमेरिकी वनखात्यातला वनविहाराचा पहिला पूर्णवेळ तज्ज्ञ. १९१९ मध्ये त्याला कोलोरॅडोतल्या ट्रॅपर्स लेकच्या काठाने उन्हाळी घरांचे भूखंड पाडायला पाठवले. त्याने पाहणी केली आणि सल्ला दिला की इथे एकही घर होऊ नये. खात्याने ते ऐकले. त्याच्या बाकीच्या योजनांना पैसा मात्र मिळेना, आणि १९२२ च्या अखेरीस तो राजीनामा देऊन निघून गेला. त्याचे पद बंगले वाढवण्यासाठी होते. काय वाढवू नये हे कळण्याइतके शिक्षण त्याच्यापाशी होते.

आणि आता हा प्रश्न आकड्यांवर येऊन ठेपला आहे. फ्रेडरिक ओल्मस्टेड या उद्यानरचनाकाराने १८६५ मध्येच लिहून ठेवले होते की कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्याला आज शेकड्यांनी येणारे पाहुणे शतकभरात लाखोंनी मोजावे लागतील. १९५४ मध्ये तिथे वर्षाला दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला. तिथल्या हाफ डोम या सुळक्यावर पोलादी दोरांना धरून चढावे लागते. आज तिथे दिवसाला साधारण ३०० जणांना परवाना मिळतो, तोही सोडतीने. हा आकडा काढताना दोरांवर एका वेळी किती माणसे असली की चढउतार अडकतो, हे मोजले गेले. फुजी पर्वताच्या योशिदा वाटेवर २०२४ च्या उन्हाळ्यात दिवसाला ४,००० ची मर्यादा आणि २,००० येनचे सक्तीचे शुल्क आले. शुल्क वाढवले की कमी ऐपतीचा गळतो. सोडत ठेवली की ज्याला रजा हवी तेव्हा मिळत नाही तो गळतो. आधी येईल त्याला आधी म्हटले की लांबून येणारा गळतो. यातले काहीही न करणे म्हणजे वाटेला आणि बचावपथकाला बिल पाठवणे. फुजीवर पुढच्याच वर्षी शुल्क दुप्पट होऊन ४,००० येन झाले आणि माणसांची मर्यादा मात्र ४,००० च राहिली. या दोन आकड्यांपैकी कोणता गर्दी कमी करतो आणि कोणता फक्त गर्दीतली माणसे बदलतो, हा प्रश्न मी वनशास्त्राच्या पदवी परीक्षेत घालीन आणि त्याला निदान उभ्या झाडाच्या घनफळाइतके गुण ठेवीन.